नाइलाजाचं वजन

सांगून कुणाचा विश्वास बसायचा नाही, आणि बसलाच तर समजावं की ऐकणाऱ्याचंच काहीतरी बिनसलंय. एका विद्यापीठाने एकदा आपल्या माणसांचा नाइलाज मोजला. नुसता मोजला नाही, त्याचं वजन काढलं, ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत, आणि त्या वजनावर शिक्का मारून ते वरच्या कार्यालयाला धाडून दिलं. वरच्या कार्यालयाने पोच दिली. आता बोला.

हसू नका. हसायचं तर शेवटी हसा. मध्येच हसलात की सांगणाऱ्याचा दम जातो, आणि या गोष्टीत दम लागलेली माणसं आधीच पुष्कळ आहेत.

हे ज्याच्या हातून घडलं तो संख्याशास्त्र विभागात सहायक होता. वय छप्पन्न. त्याला सगळे दशांश म्हणत. चहात साखर किती विचारलं तर दीड चमचा म्हणायचा नाही, एक पूर्णांक पाच म्हणायचा. चालताना त्याच्याकडे पाहिलं की वाटे, हा माणूस कुठून तरी परत येतोय. सकाळी घरून निघतानासुद्धा तो परत येत असल्यासारखाच दिसायचा. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलं तर म्हणे, "राहून गेलं," आणि ते अशा सुरात म्हणे की जसं काही छत्री कुठेतरी राहून गेली.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, ताई. ताई विद्यापीठाच्याच वसतिगृहात, धुलाईघरात. तीस वर्षं ओल्या चादरी उचलून तिच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, बाकीची ताई तेवढी कामावर येत होती. नोकरीची दोन वर्षं उरली होती. राहायला नऊ किलोमीटरवर कर्मचारी वसाहतीत दोन खोल्या. त्या खोल्या ताईच्या नावावर. तिची नोकरी आहे तोवर खोल्या, नोकरी सुटली की खोल्या सुटल्या. दशांशाचं नावही खोल्यांच्या यादीत होतं, पण यादी अशी चालायची की त्याचा नंबर लागायला अजून बरोबर दोन वर्षं होती. म्हणजे ताईने आणखी दोन वर्षं रेटलं तर दोघांच्या डोक्यावर छप्पर, नाही रेटलं तर दोघं रस्त्यावर. हा एवढा एकच हिशेब दशांशाने कधी कागदावर मांडला नव्हता. मांडायची गरजच नव्हती, तो पाठ होता.

तर एके दिवशी वरून परिपत्रक आलं. विद्यापीठ परिसराची कार्बन पाऊलखूण मोजून दोन महिन्यांत अहवाल सादर करावा. कुलसचिवांनी ते तीनदा वाचलं, मग दशांशाला बोलावलं.

"तुम्हाला मोजता येतं ना?"

"येतं साहेब. काय मोजायचंय?"

"सगळं," कुलसचिव म्हणाले, आणि परिपत्रक त्याच्याकडे असं सरकवलं की जणू ते भाजत होतं.

संध्याकाळी ताईने विचारलं, "कार्बनचं पाऊल म्हणजे रे काय?"

"आपल्या विद्यापीठात जे जे जळतं ना ताई, वीज, गॅस, डिझेल, शिवाय माणसांच्या जाण्यायेण्यात जे इंधन उडतं, त्या सगळ्याचा मिळून वायू किती टन होतो, ते काढायचं."

"आणि काढून?"

"पुढच्या वर्षी तो कमी करायचा."

"कमी करायचाय तर मोजत कशाला बसायचं? करून टाका कमी." ताईने पाय पाटावर लांब केले. "मी चादरी धुते. मोजून धुवायला लागले तर मुलं ओल्या गादीवर झोपतील."

दशांशाने गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली तिच्या हाताशी ठेवली आणि तो आडवा झाला.

दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू. एका खांद्याला पिशवी, पिशवीत विजेरी, वही आणि रसायनशास्त्र विभागाने उसनं दिलेलं एक यंत्र. डब्याएवढं. हवेत कार्बनचा वायू किती ते दाखवायचं, आणि फार झाला की पिल्लासारखं चिवचिवायचं. इमारती एकतीस, विजेचे मीटर अठ्ठावीस. उरलेल्या तीन इमारतींत दिवे कशावर लागतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारलं की लोक त्याच्याकडेच संशयाने बघत. अठ्ठाविसातले चार बंद. एक मीटर कपाटामागे, ते कपाट हलवायला सात जणांची परवानगी. एक मीटर चक्क उलटा फिरत होता. ही इमारत वीज खायच्याऐवजी देते की काय, म्हणून दशांश धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर गेला, तर तिथे इतिहास विभाग. त्याने वहीत "साहजिक" असं लिहिलं आणि जिना उतरला.

असा दीड महिना. जिने चढायचे, आकडा टिपायचा, जिने उतरायचे. प्रत्येक विभागात त्याला बसायला खुर्ची मिळे आणि ऐकायला तक्रार. मीटर बघायला आलोय म्हटलं तरी लोक पंख्याचं सांगत, गळक्या छताचं सांगत, न झालेल्या बढतीचं सांगत. दशांश ऐकून घेई. उठायला कष्ट पडत म्हणूनही ऐकून घेई.

मोजणीवर देखरेखीला एक समिती होती. अध्यक्षबाई भूगोलाच्या प्राध्यापक. बाई वाईट नव्हत्या. चष्मा कपाळावर, बोलणं नेमकं, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत निर्णय. पहिल्या बैठकीला दशांशाने यंत्र टेबलावर ठेवलं. पाऊण तास लोटला, कार्बन कमी कसा करावा यावर सात जण बोलून झाले, आठवा बोलायला लागला आणि यंत्र चिवचिवायला लागलं. अख्ख्या परिसरात, भटारखान्यातसुद्धा, ते एवढं ओरडलं नव्हतं.

"हे आपल्या श्वासाचं आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं. "मग अहवालात श्वास धरायचा?"

"नाही मॅडम. श्वास धरत नाहीत. सोडून देतात."

खिडकी उघडली गेली. दशांश विनोद करत नव्हता, नियमच तसा होता, पण तेवढं एक वाक्य त्या दिवशी परिसरभर फिरलं.

आता उरलं माणसांचं जाणंयेणं. कोण मोटारीने येतो, कोण दुचाकीने, कोण पायी, कोण विद्यापीठाच्या बसने. बस एकच. वसाहतीतून सकाळी सुटायची, संध्याकाळी परत न्यायची. जुनी, ठेंगणी, धुराच्या बाबतीत मोकळ्या हाताची. तिचा चालक मात्र मोठा गुणी माणूस. देखणा, शांत, वेळेचा पक्का, त्याच्याबद्दल सांगावं तितकं थोडं, म्हणून इथे जास्त सांगत नाही.

दशांशाने पानभर प्रश्नावली केली होती. अंतर किती, वाहन कुठलं, इंधन कुठलं, सोबत किती माणसं, खुणा करायला चौकोन. अध्यक्षबाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "बाराशे माणसं, बाराशे पानं? कार्बन मोजायला एवढा कागद? लोक काय म्हणतील? एका पानात आठ चिठ्ठ्या बसवा. एकच प्रश्न."

मग दशांशाने एकच प्रश्न ठेवला. पुढे एक रेघ, उत्तरासाठी. प्रश्न असा: आपण विद्यापीठात कसे येता?

तो छापताना त्याला यात काही खोट दिसली नाही. तुम्हालाही दिसणार नाही. थकलेल्या माणसाला प्रश्न दिसतो, प्रश्नातली फट दिसत नाही.

आठवड्याने अकराशे चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या परत आल्या. एवढा प्रतिसाद विद्यापीठात कधी कशाला मिळाला नव्हता. दशांश खूश होऊन गठ्ठा सोडायला बसला. पहिली चिठ्ठी उघडली.

"नाइलाजाने."

दुसरी. "रडतखडत."

तिसरी. "जशी काल आले तशी."

त्याने चष्मा पुसला. पुढे बघतो तर: "मनाविरुद्ध." "मन घट्ट करून." "मुलगी लग्नाची आहे म्हणून." "उशिरा, परंतु तत्त्वतः वेळेवर," हे तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचं. "डोळे मिटून," हे कुणाचं ते कळलं नाही, पण तो दुचाकी चालवत नसावा अशी दशांशाने मनोमन इच्छा केली. पहारेकऱ्याने लिहिलं होतं, "येत नाही. इथेच असतो." ग्रंथालयातल्या एकाने चिठ्ठीची मागची बाजूही भरून शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. बावीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

अकराशे चौऱ्याऐंशी चिठ्ठ्यांत वाहनाचं नाव होतं फक्त एकावर. कुलसचिवांच्या. "मोटारीने, चालकासह."

ताईची चिठ्ठीही त्यात होती. अक्षर ओळखीचं. "कशी येते ते माझं मला ठाऊक."

दशांशाने त्या चिठ्ठ्यांचा तक्ता केला, कारण दुसरं काय करणार? नाइलाजाने, तीनशे बारा. रडतखडत, दोनशे सहा. देवाच्या भरवशावर, एकशे चाळीस. असा तक्ता घेऊन तो समितीपुढे उभा राहिला. सगळे वाचून हसले. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोट वरून खाली फिरवलं आणि विचारलं, "बसने किती?"

"बसने असं कुणी लिहिलेलं नाही मॅडम."

"शून्य?"

"लिहिलेलं शून्य आहे. पण..."

"मग ती बस कशाला चालवतोय आपण? वर्षाला किती वायू सोडते?"

दशांशाला तो आकडा पाठ होता आणि आयुष्यात पहिल्यांदा पाठ असल्याचं वाईट वाटलं. "तीन टन, मॅडम."

"बंद करा. एका ठरावात तीन टन कमी. पुढच्या पहिल्या तारखेपासून."

वाक्य संपायच्या आत निर्णय, म्हटलं ना. इथे तर वाक्य सुरूच झालं नव्हतं. दशांश "पण मॅडम" असं दोनदा म्हणाला, तोवर पुढचा विषय निघाला होता, झाडांचा.

घरी गेला तर ताई भाजी निवडत बसली होती. त्याचा चेहरा बघून म्हणाली, "कोण गेलं?"

"बस."

त्याने सगळं सांगितलं. ताई आधी हसली. पोट धरून हसली. "म्हणजे आम्ही खरं लिहिलं म्हणून बस गेली? अरे, तू कसे येता विचारलंस!"

"मला वाहन विचारायचं होतं गं."

"मग वाहन विचार ना! बसने येतो हे काय लिहायची गोष्ट आहे? ते दिसतं. रोज सगळ्यांच्या देखत उतरतो आम्ही. कसे येता म्हटल्यावर वाटलं, चला, कुणीतरी जिवाचं विचारलं." मग भाजीची काडी बोटांत तशीच राहिली. "नऊ किलोमीटर," ती म्हणाली. "त्यात शेवटी तो चढ. नाही जमायचं रे मला. मी कागद देते लिहून, नोकरी सोडते म्हणून."

"आणि खोल्या?"

"खोल्यांचं तू बघ. तू मोजणारा."

एवढं बोलून ती उठली, भिंतीला हात लावत आत गेली. दशांश बसून राहिला. त्याला रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना, आणि ठरवायचं त्राणही नव्हतं. आपल्या एका शब्दाने बहिणीची दोन वर्षं आणि डोक्यावरचं छप्पर घालवलं, हे मात्र त्याला दोन दशांश स्थळांपर्यंत स्पष्ट दिसत होतं.

सकाळी तो बसमध्ये चढला तो हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊनच. दारात उभं राहून म्हणाला, "मंडळी, तुम्ही काय लिहिलंत ते एकेकाने सांगा."

"का? नोकरीवरून काढताय?" प्रयोगशाळेतला एक परिचर म्हणाला.

"बस काढतायत."

मग सगळे बोलायला लागले. एकदम. टंकलेखिकाबाई म्हणाल्या, मी रडतखडत लिहिलं. माळीबुवा म्हणाले, मी नाइलाजाने, पण माझं अक्षर बायकोचं आहे. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडलं, "दशांशराव, पर्याय द्यायचे होते ना! नाइलाजासमोर चौकोन, बससमोर चौकोन, दोन्हीवर खूण केली असती!"

"बस आणि नाइलाज वेगळे कुठेत?" परिचर म्हणाला आणि बसभर हशा पिकला. चालकानेही एक मार्मिक शेरा मारला. तो इतका मार्मिक होता की इथे सांगण्यासारखा नाही.

नऊ किलोमीटरांत दशांशाची मोजणी झाली. बसमध्ये चालक सोडून त्रेचाळीस माणसं. एकतीस नाइलाज, नऊ रडतखडत, एक जशी-काल-आले-तशी, एक माझं-मला-ठाऊक, आणि स्वतः दशांश, ज्याने चिठ्ठी भरायचीच राहून गेली होती.

ते आकडे घेऊन तो थेट अध्यक्षबाईंच्या खोलीत गेला. तिथे उभा राहून छप्पन्न वर्षांत बोलला नव्हता तेवढं बोलला. म्हणाला, मॅडम, माझा प्रश्न चुकला, लोकांची उत्तरं चुकली नाहीत. म्हणाला, या परिसरात नाइलाज म्हणजे बस आणि बस म्हणजे नाइलाज, हे मी माणसागणिक ताडून आणलंय. म्हणाला, ही बस काढली तर त्रेचाळीस माणसं त्रेचाळीस वाहनं शोधतील, आणि ज्यांना वाहन नाही ती घरी बसतील. तुमचे तीन टन कमी होतील, पण ते माणसं कमी करून होतील.

बाईंनी ऐकून घेतलं. वाक्य संपेपर्यंत. मग म्हणाल्या, "एक मोटार एका माणसामागे किती सोडते?"

"या अंतराला पावणेदोन किलो."

"बस माणशी किती?"

"काढलेलं नाही."

"काढा. परवा सकाळी चाचणी. वसाहतीत टाकी काठोकाठ भरायची. फाटकाशी मी स्वतः मापाचं भांडं घेऊन उभी राहते, पुन्हा काठोकाठ भरायची. जितकं मावलं तितकं जळलं. माणशी सव्वाशे ग्रॅमच्या आत आलं तर बस राहील. ठराव मी फिरवेन. सव्वाशेच्या वर गेलं तर मला पुन्हा भेटायला येऊ नका."

दशांश बाहेर आला आणि पायरीवर बसूनच त्याने गणित केलं. नऊ किलोमीटरला डिझेल सव्वादोन लिटर. त्याचा वायू सहा किलो. भागिले त्रेचाळीस. एकशे चाळीस ग्रॅम. पंधरा ग्रॅमनी बस जात होती. पंधरा ग्रॅम म्हणजे काय? एक पातळशी वही भरत नाही.

त्याने चालकाला गाठलं. "कमी नाही का होणार? हळू चालवून?"

"हळू चालवून काय होतंय," चालक म्हणाला. "सपाटीला ती खात नाही फार. आठ-साडेआठ किलोमीटर गुमान जाते. शेवटचा अर्धा किलोमीटर चढ आहे ना फाटकाचा, तो खातो सगळं. पाऊण लिटर एकटा चढ गिळतो."

"चढ टाळून रस्ता?"

"रस्ता आहे. पण त्या रस्त्याने गेलं की विद्यापीठ लागत नाही."

दशांशाने मान हलवली. घरी ताईला त्याने आकडा सांगितला नाही. ताईनेही विचारला नाही. तिने पेटीतून कोरा कागद काढून राजीनाम्यासाठी टेबलावर ठेवला होता, आणि त्यावर वारा येऊ नये म्हणून तेलाची बाटली.

चाचणीचा दिवस उजाडला. वसाहतीत टाकी भरली, डिझेल तोंडाशी आलं, दशांशाने बोट बुडवून बघितलं. त्रेचाळीस जण बसले. माळीबुवांनी हातातलं खुरपंही खाली ठेवून दिलं, तेवढंच वजन कमी. परिचर म्हणाला, "मी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायलो नाही." टंकलेखिकाबाई म्हणाल्या, "मला म्हणाला असतात तर मी दोन महिने आधीपासून जेवले नसते." ताई दाराजवळच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, जसं काही गुडघे पळून जातील.

आता इथून पुढचं नीट ऐका, कारण विश्वास न बसण्याचा भाग हाच.

सपाटी संपली. समोर चढ. चढाच्या पायथ्याशी बस आली आणि इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि गप्प झालं. बंद. पूर्ण बंद. दशांशाने डोळे मिटले. आणि त्याच क्षणी, काय सांगू, बसनेच मनावर घेतलं! वीस वर्षं या माणसांना वाहिलं, आज यांच्यासाठी एवढं करू नये? ती आपली हलली. आपोआप. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. चालकाने नुसता चाकाला हात लावला होता, तोही सवयीने. चढावरून बस अशी वर निघाली की पांढरा ढग डोंगर चढावा. एक झाड मागे, दुसरं झाड मागे. वळण आलं, तिने वळण घेतलं. मधेच एकदा दम खायला थांबली, दोन पावलं मागेही आली, कुणीतरी जोरात "हं!" म्हणालं, आणि पुन्हा निघाली.

फाटकाशी अध्यक्षबाई भांडं घेऊन उभ्या. चढाच्या टोकावर त्यांना आधी बसचं टपोरं कपाळ दिसलं, मग काच, मग काचेमागे चालकाचा प्रसन्न चेहरा. बस येऊन थांबली, लोण्यावरून सुरी यावी तशी. बाईंनी चष्मा खाली घेतला.

"आवाज कसा नाही?"

"इंजिन तापलं की शांत होतं, मॅडम," चालक म्हणाला.

टाकीचं झाकण उघडलं. बाईंनी स्वतःच्या हाताने भांडं ओतायला सुरुवात केली. एक लिटर. दीड. एक पूर्णांक सहा आणि डिझेल तोंडाशी आलं. दशांशाने वही काढली. घाईत सहाचा आकडा आठसारखा आला, म्हणून त्याने तो पुन्हा लिहिला. एक पूर्णांक सहा लिटर, वायू चार हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, भागिले त्रेचाळीस.

"नव्व्याण्णव पूर्णांक बहात्तर शतांश," तो म्हणाला. "ग्रॅम. माणशी."

बाईंनी स्वतः भागाकार करून बघितला. मग बसच्या मागून एकेक करून पुढे येणाऱ्या मंडळींकडे बघितलं. सगळे घामाघूम. शर्ट पाठीला चिकटलेले, टंकलेखिकाबाईंचा अंबाडा सुटलेला, माळीबुवा चक्क रस्त्यावर बसलेले.

"यांना काय झालंय?"

"उकडतं मॅडम आत," दशांश म्हणाला. "पंखे नाहीत ना. पंखे लावले तर कार्बन वाढेल."

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. मग तिथेच, बसच्या पत्र्यावर कागद टेकवून त्यांनी लिहिलं: बस चालू ठेवावी, दोन वर्षं, त्यानंतर पुन्हा मोजावी. खाली सही. दशांशाने तो कागद घेतला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला, पुन्हा घडी घातली. ताईजवळ गेला. ती फाटकाच्या दगडावर बसून पोटऱ्या चोळत होती. तिने कागद वाचला नाही, नुसता त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "दोन वर्षं ना? बरं झालं. आता मला धुलाईघरापर्यंत हात दे."

आणि अहवालात तो तक्ता तसाच गेला. नाइलाज, माणशी नव्व्याण्णव पूर्णांक बहात्तर शतांश ग्रॅम. वरून पोच आली, ती अजून फायलीत आहे. पण खरी गंमत राहिलीच सांगायची! ती बस आपली आपण चढ चढत होती ना, तेव्हा आतलं दृश्य बघायला हवं होतं तुम्ही. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस माणसं आपापल्या जागी ऐटीत मागे रेलून बसलेली, खिडक्यांतून वारा येतोय, आणि सगळे मिळून टाळ्या वाजवतायत, अशा टाळ्या, की...

"ड्रायव्हरभाऊ," बसच्या मागच्या बाकावर पाय लांब करून बसलेली ताई म्हणाली, "टाळ्या कुणी वाजवल्या? आम्हा त्रेचाळीस जणांचे हात तर तुझ्या गाडीच्या पाठीला लागलेले होते."